आणखी एक साक्षीदार

लग्न हा आपल्याकडे साक्षीने सिद्ध होणारा संस्कार आहे. देव, अग्नी आणि ब्राह्मण हे त्याचे जुने साक्षीदार. आप्तेष्ट अक्षता टाकतात, त्याही एका अर्थी साक्षच असते. गेल्या काही पिढ्यांत या मंडळींत आणखी एकाची भर पडली. तो म्हणजे छायाचित्रकार. परंतु हा साक्षीदार मोठा विचित्र. बाकीचे जे घडते ते पाहतात. हा मात्र घडणारे थांबवतो, "इकडे पाहा" म्हणतो, "जरा हसा" म्हणतो, आणि सप्तपदीचे पाचवे पाऊल नीट टिपता आले नाही म्हणून ते पुन्हा टाकायला लावतो. न्यायालयात पढवलेल्या साक्षीदाराची किंमत शून्य. येथे साक्षीदारच पक्षकारांना पढवतो, आणि त्याची साक्ष आपण मखमली बांधणीत घालून पिढ्यान् पिढ्या जपतो!

आमच्या कन्येच्या लग्नापर्यंत हा विचार आम्हांला सुचला नव्हता, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

लग्न २०२४ च्या फेब्रुवारीत इंदुरातच झाले. हल्ली इकडची मंडळी शहराबाहेरच्या रस्त्यावरील हिरवळीची बाग धरतात. कन्येने मात्र राजवाड्यालगतच्या गल्लीतील जुन्या कार्यालयाचा हट्ट धरला. घरातील तीन पिढ्यांची लग्ने तेथेच लागली होती. दुसरा हट्ट छायाचित्रांचा. तिने ठरवलेली छायाचित्रकार येथील एका मराठी घरातलीच मुलगी. तिची पद्धत 'डॉक्युमेंटरी', म्हणजे कोणाला उभे करायचे नाही, काही पुन्हा करून घ्यायचे नाही, जसे घडेल तसे टिपायचे.

आम्ही पडलो मुख्याध्यापक. यादीवाचून आमचे पान हलत नाही. आम्ही सुवाच्य अक्षरांत बावीस समूहचित्रांची यादी करून तिच्या हाती ठेवली. तिने ती शांतपणे वाचली आणि विचारले, "काका, या यादीत नसलेली, पण लग्नात सगळ्यांत जास्त राबणारी माणसे कोणती?"

आम्ही उत्तरलो, "ती आत असतील, कामात. त्यांचे कसले फोटो काढायचे, बाळ? तू आपली व्यासपीठाजवळ राहा."

हे वाक्य पुढे आम्हांला फार दिवस सलणार होते.

वास्तविक 'इकडे पाहा' या आज्ञेचे मूळ तंत्रात आहे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने ओल्या कोलोडियनच्या काचपट्टीची रीत प्रसिद्ध केली. पट्टी ओली असतानाच चित्र घ्यावे लागे, ओली असतानाच ती धुवावी लागे, आणि प्रकाश तिच्यावर काही सेकंद पडू द्यावा लागे. तेवढ्यात माणूस हलला की चेहरा पुसला जाई. आमच्या इंदूरचा या विद्येशी जुना संबंध आहे. रुडकीला अभियांत्रिकी शिकलेले लाला दीनदयाळ १८६६ साली येथील बांधकाम खात्यात नोकरीस लागले. येथे असतानाच त्यांनी कॅमेरा हाती धरला, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी त्यांना उत्तेजन दिले, आणि पुढे हैदराबादच्या निजामाच्या दरबारी ते 'राजा दीनदयाळ' झाले. त्या काळच्या चित्रांतील मंडळी ताठ बसलेली दिसतात, ती केवळ रुबाबामुळे नव्हे. हलण्याची सोयच नव्हती.

१९२५ साली ३५ मिलिमीटर फिल्मचा 'लायका' हा लहानसा कॅमेरा जर्मनीत विक्रीस आला आणि हे कारण जवळजवळ संपले. वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी त्या मोकळिकीचे सोने केले. आमच्या जावईबापूंच्या वडोदऱ्यात होमाई व्यारावाला यांनी उत्तरायुष्य काढले. २०१२ साली त्या तेथेच निवर्तल्या. त्या भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. पंडित नेहरू आपल्या भगिनी विजयालक्ष्मी पंडित यांना कवटाळत आहेत, हे त्यांचे चित्र ज्यांनी पाहिले असेल त्यांना आमचे म्हणणे चटकन पटेल. त्यात पंतप्रधान दिसत नाहीत, भाऊ दिसतो.

लग्नघरांनी मात्र जुनी सवय सोडली नाही, आणि त्यालाही कारण होते. आमच्या स्वतःच्या लग्नात, १९९४ साली, चार रोल वापरले गेले. एका रोलवर छत्तीस चित्रे. म्हणजे एकूण एकशे चव्वेचाळीस. एकेका चित्राला पैसे पडत. सर्वजण सज्ज झाल्याखेरीज छायाचित्रकार कळ दाबीत नसे, आणि त्यात त्याची चूक नव्हती. आता तीही अडचण उरलेली नाही. उरली आहे ती केवळ सवय.

कन्येच्या लग्नात ती मुलगी कशी वावरली, ते सांगण्याजोगे आहे. तिच्यापाशी दोन कॅमेरे होते. एकाला ३५ मिलिमीटरचे भिंग. त्यातून चित्र घ्यायचे तर माणसाच्या अगदी जवळ जावे लागते, आणि जवळ जायचे तर आधी त्या माणसाला आपली सवय व्हावी लागते. म्हणून ती लग्नाच्या दोन दिवस आधीपासून घरी येऊन बसली. पहिला दिवस तिने लाडू वळण्यात घालवला; चित्रे फार थोडी काढली. दुसऱ्या दिवशी ती खोलीत आहे याचे कोणाला भानच राहिले नाही. झगझगीत फ्लॅश तिने जवळजवळ वापरला नाही; खिडकीचा उजेड, समईचा उजेड जो असेल तो घेतला. कार्यालयातील दिव्यांविषयी तिने एक गंमत सांगितली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारे कित्येक दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण कॅमेऱ्याची झडप फार जलद मिटली तर चित्रावर काळपट पट्टे उमटतात. म्हणून तेथे ती झडपेचा वेग १/१०० सेकंदावर ठेवी.

अंतरपाटाच्या वेळी तिने आधीच गुरुजींना विचारून घेतले होते आणि मामांच्या मागे, बाजूला, ती उभी राहिली. पाहुण्यांना छायाचित्रकाराच्या पाठीऐवजी वधूवरांचे दर्शन झाले, हे आमच्या पाहण्यातले पहिलेच लग्न! रात्री वरात निघाली. त्या गल्ल्यांत मोटारी घालण्याची सोय नाही, म्हणून सारे पायीच. समोर राजवाडा, खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १९८४ च्या दंगलीत तो जळाला होता. त्या रात्रीच्या आठवणी आमच्या पिढीला अजून आहेत. पुढे सराफा. दागिन्यांची दुकाने बंद झालेली, त्यांच्या पायऱ्यांपुढे खाद्यपदार्थांच्या गाड्या लागलेल्या. एका चित्रात गराडू तळणारा गृहस्थ झारा हातात तसाच धरून नवरीकडे पाहतो आहे. त्याच्या चेहऱ्यावर जे आहे ते आमच्या कित्येक निमंत्रितांच्या चेहऱ्यांवर नव्हते. बहुधा त्याच्याही घरी उपवर मुलगी असावी. शहराच्या पोटात लग्न करण्याचा हा लाभ. ज्याला पत्रिका गेलेली नाही तोही साक्षीला येतो.

दीड महिन्याने चित्रे आली. तीन हजारांवर काढलेली, त्यांतून पाचशे निवडलेली. ती पाहता पाहता आम्ही एका पानावर थांबलो.

आमचे थोरले बंधू २०२१ साली गेले. वहिनी आमच्याकडेच असतात. हळदीच्या सकाळी माजघराच्या दाराआड त्या उभ्या आहेत. हातात तेलाची वाटी, पाऊल उंबऱ्याच्या अलीकडे. दुसऱ्या चित्रात कन्येने त्यांचे मनगट धरले आहे आणि त्या हात मागे घेत आहेत. तिसऱ्यात त्यांचीच हळदीची बोटे तिने आपल्या गालावर टेकवली आहेत. वहिनींचे डोळे मिटलेले आहेत. खिडकीचा उजेड आहे तेवढाच आहे.

हे आमच्या घरात, आमच्यापासून दहा पावलांवर घडले आणि आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही त्या वेळी अंगणात जेवणाच्या कंत्राटदाराशी पानांच्या संख्येवरून हुज्जत घालीत होतो. त्याचेही एक चित्र आहे. ते पाहून विद्यार्थी आम्हांला का भितात, हे कळले.

आम्ही उठून ती बावीस समूहांची यादी शोधून काढली. वहिनींचे नाव तिच्यात स्वतंत्रपणे कोठेही नव्हते. 'सर्व कुटुंबीय' या शेवटच्या ओळीत ते कोठेतरी गृहीत धरलेले. यादी आमच्याच हस्ताक्षरातली. कोणी आम्हांला तसे करायला सांगितले नव्हते; हात आपोआप तसा चालला होता.

मग १९९४ चा आमचा अल्बम काढला. आमची आत्या ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली आणि तिने आम्हां भावंडांना वाढवले. आमच्या लग्नात सगळा कोठीघर तिच्या शिरावर होता. छायाचित्राला बोलावणे गेले की ती म्हणे, "आलेच हं, दूध उतू जाईल," आणि येत नसे. तिला पुन्हा बोलवावे असे कोणाला, आम्हांलाही, वाटले नाही. एकशे चव्वेचाळीस चित्रांत ती नाही. फक्त पंगतीच्या एका चित्रात डाव्या कडेकडून वाढणारा एक हात आत आला आहे. मनगटावर बांगडी नाही, अंगठ्याखाली भाजल्याचा जुना डाग. बाकीची आत्या चौकटीच्या बाहेर. ती २००३ साली गेली.

मांडून काढलेले चित्र आपल्याला हवे ते दाखवते. त्यामुळे जे आपण कधी हवे म्हटले नाही, ते त्यात येत नाही. ज्यांना पुढे यायला आपण शिकवले नाही, त्यांच्यासाठी कोणीतरी आत जाणारा साक्षीदार हवा.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ग्वाल्हेरचे आमचे मामा, वय वर्षे चौऱ्याऐंशी, मुद्दाम जरीची टोपी घालून आले होते. चित्रांत ते हसताहेत, जेवताहेत, एकात चक्क डुलकी घेताहेत. समोर पाहणारे एकही नाही. त्यांचा फोन आला, "अरे, भिंतीवर लावायला तुम्ही माझा जेवतानाचा फोटो वापरणार का?" आम्ही हसलो खरे, पण म्हाताऱ्याचे म्हणणे रास्त होते. नीट कपडे करून, ताठ बसून, 'हा मी असा' म्हणण्याचा माणसाला हक्क आहे, आणि ती हौस खोटी नव्हे. शिवाय कानपिळीचे चित्र तिला मिळालेच नाही. ती त्या वेळी स्वयंपाकघरात होती. एका माणसाने सगळीकडे असावे हे होणे नाही. दोघे असते तर बरे झाले असते.

तेव्हा ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांना अनुभवाचे चार शब्द. मंगलाष्टकांनंतर, जेवणाआधी, वीस मिनिटे समूहचित्रांसाठी राखून ठेवावीत; वडीलधाऱ्यांना प्रथम घ्यावे; उरलेला दिवस छायाचित्रकाराला मोकळा सोडावा. गुरुजींची आणि त्याची आदल्या दिवशी गाठ घालून द्यावी. करार वाचल्याखेरीज सही करू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, मोबदला देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राची प्रथम मालकी, उलट करार नसल्यास, काढवून घेणाऱ्याची असते. पण कराराच्या बारीक अक्षरांत तो हक्क आपण कित्येकदा देऊन बसतो. आणि ज्याला न कळत चित्र काढले गेले, त्याला विचारल्याशिवाय ते चारचौघांत मांडू नये. आम्ही वहिनींना विचारले. त्या बराच वेळ चित्राकडे पाहत राहिल्या. म्हणाल्या, "घरात असू द्या, भाऊजी. बाहेर नको." म्हणून ते भिंतीवर नाही, कोणाच्या फोनवरही नाही, अल्बमात आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत दुर्लक्षित. चित्रांखाली नावे लिहावीत. पन्नास वर्षांनी निनावी चेहरा साक्ष देऊ शकत नाही. परवा सुटीच्या दिवशी आम्ही दोन्ही अल्बम पुढ्यात घेऊन बसलो आणि शाईने नावे लिहिली. पंगतीच्या त्या चित्राखाली, डाव्या कोपऱ्यात, 'वाढते आहे ती आत्या' असे लिहिले. कन्या माहेरी आली होती, तिने विचारले, "बाबा, आत्याआजी दिसायच्या कशा?"

सांगायला बसलो, आणि सांगता सांगता लक्षात आले की आम्हांला तिचा चेहरा पूर्वीइतका स्पष्ट आठवत नाही.