शून्य पुस्तके सापडली

परवा द्वितीय वर्षाची एक मुलगी माझ्याकडे आली आणि खालच्या मानेने म्हणाली, "सर, मला निबंधाचा विषय बदलून द्या. आपल्या ग्रंथालयात गडकऱ्यांची कविताच नाही."

मी उडालोच! मराठीच्या ग्रंथालयात गडकरी नाहीत, म्हणजे देवघरात देव नाहीत!

"कुणी सांगितलं तुला?"

तिने मोबाइल पुढे केला. ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत तिने 'गडकरी कविता' असे लिहिले होते आणि खाली स्वच्छ उत्तर होते : शून्य पुस्तके सापडली.

"असं नसतं शोधायचं," असे म्हणून मी ऐटीत 'वाग्वैजयंती' टाइप केले. पुन्हा शून्य! वीस वर्षांची अध्यापकी क्षणात उतरली.

"ग्रंथपालांना का नाही विचारलंस?"

"लाज वाटते, सर. मागे रांग असते. एवढंही येत नाही, असं वाटेल त्यांना."

खरे सांगू? त्या घटकेला मलाही तीच लाज वाटत होती. शेवटी कोपऱ्यातल्या 'ग्रंथपालांना विचारा' या चौकटीत आम्ही दोघांनी मिळून प्रश्न लिहिला. तिथे कुणाचे तोंड दिसत नाही, एवढाच धीर!

सकाळी उत्तर आले, तेही प्रश्नाच्या रूपात : "निबंध नाटकांवर आहे की कवितेवर?" कवितेवर म्हटल्यावर लगेच खुलासा आला : "कवितेसाठी 'गोविंदाग्रज' या नावाने शोधा, पण रोमन लिपीत. आपल्या प्रतीची नोंद तशी झाली आहे."

यंत्र बिचारे अक्षराला अक्षर जुळवते. राम गणेश गडकरी आणि गोविंदाग्रज एकच, हे कुणी नोंदवून ठेवल्याशिवाय त्याला कळावे कसे? जुन्या कार्डांच्या कपाटात 'गोविंदाग्रज : गडकरी पाहा' असे एक कार्ड मुद्दाम घातलेले असे. केशवसुत म्हणजे दामले, कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर, ही वाट कार्डच दाखवी. त्यात आपली शुद्धलेखनाची गंमत! १९६२ च्या नियमांनी कितीतरी अनुस्वार गेले. पण जुन्या पुस्तकांच्या माथ्यावर ते अजून आहेत. आपण 'नाव' शोधतो आणि पुस्तक 'नांव' घेऊन बसलेले असते. एका टिंबापायी पुस्तक असून नसल्यासारखे!

वाचकाचा वेळ वाचवा, हा ग्रंथालयशास्त्राचा एक नियम डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवला. आमच्या मुलीचा तर वेळच काय, विषयही जाणार होता. कारण 'सापडले नाही' याचा अर्थ तिने 'नाही' असा घेतला, आणि चूक आपलीच मानून ती गप्प बसली.

तिने विषय बदलला नाही. निबंध चांगला उतरला. मी मात्र एक सवय बदलली. हल्ली अडले की सरळ काउंटरवर जातो आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल असे मोठ्याने विचारतो. सरांनाही येत नाही, हे मुलांना एकदा कळलेले बरे!