‘घोस्ट इन द शेल’ वाचायचं कुठून? आणि धामणगावात काहून?

ॲनिमे म्हणजे ‘लहान पोट्ट्यांचं कार्टून’ हा समज आता मागे पडला आहे. २०२५च्या सप्टेंबरमध्ये ‘डीमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ भारतभर थिएटरात लागला, हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंगसकट, आणि कॉलेजच्या पोरांनी तो गर्दी करून पाहिला. हिंदी बोलणारा डोरेमॉन आणि शिनचॅन बघत वाढलेली ही पिढी. तुम्हीही त्यातलेच असाल. पण ‘नारुतो’, ‘वन पीस’ झाल्यावर जरा वेगळं काही बघावं म्हटलं की ‘घोस्ट इन द शेल’चं नाव हमखास निघतं आणि तिथेच गाडी अडते. मूळ मांगा, म्हणजे जपानी कॉमिक, वेगळा. चित्रपट दोन-तीन. मालिका चार-पाच. एकाची गोष्ट दुसऱ्याला जोडलेली नाही. सुरुवात करायची कुठून?

क्रम सांगतोच. पण त्याआधी, हे आत्ता वाचायची गरज काय, तेही बघू. कारण ही गोष्ट घडते २०२९ सालच्या जपानात. मासामुने शिरो या लेखकाने ती १९८९मध्ये लिहायला घेतली तेव्हा ते साल चाळीस वर्षं दूर होतं. आता ते तुमच्या पदवीच्या निकालाइतकं जवळ आहे.

गोष्ट थोडक्यात

माणसांचे मेंदू थेट नेटवर्कला जोडलेले आहेत. हात, पाय, डोळे, वाटलं तर सगळं शरीर यंत्राचं करून मिळतं. अशा काळात सायबर गुन्हे हाताळणारं एक गुप्त सरकारी पथक आहे, ‘सेक्शन ९’. त्यातली मेजर मोतोको कुसानागी ही आपली नायिका. तिचं जवळजवळ सगळं शरीर कृत्रिम. आत उरलंय ते मन, जाणीव, जे काही म्हणाल ते. त्याला इथे ‘घोस्ट’ म्हणतात आणि बाहेरच्या सांगाड्याला ‘शेल’. देह आणि आत्मा ही जोडी आपल्याला कीर्तनातून ठाऊक आहे. इथे फरक एवढाच, की देह सरकारी मालकीचा आहे. नोकरी सोडली तर तो परत करावा लागेल.

तर, क्रम

एक : पहिल्यांदा १९९५चा चित्रपट बघा, दिग्दर्शक मामोरू ओशी. दीड तासाहून कमी लांबीचा आहे. संथ आहे, पण याच्यामुळेच जगाला ही मालिका कळली. १९९९चा ‘मेट्रिक्स’ बनवणाऱ्या वाचोव्स्की भावंडांवर त्याचा मोठा प्रभाव होता.

दोन : मग मूळ मांगाचा पहिला खंड. इथे धक्का बसेल, कारण चित्रपटातली गंभीर मेजर इथे चिडते, चेष्टा करते, वरिष्ठांच्या मागे तोंड वेंगाडते. पानाच्या कडेला शिरोच्या बारीक अक्षरातल्या टिपा असतात. पहिल्या वाचनात त्या खुशाल सोडा. उजवीकडून डावीकडे वाचायची नवी आवृत्ती मिळाली तर तीच घ्या. जुन्या इंग्रजी आवृत्तीत चित्रं आरशासारखी उलटवलेली आहेत. आणि हे प्रौढ वाचकांसाठीचं पुस्तक आहे, धाकट्या भावंडांच्या हातात देऊ नका.

तीन : ‘स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’ ही टीव्ही मालिका. पहिला भाग २००२चा, दुसरा २००४चा, प्रत्येकी २६ एपिसोड. चित्रपटाशी हिची गोष्ट जोडलेली नाही. खरं सांगायचं तर पोलिस तपासाच्या गोष्टी आवडणाऱ्याने इथूनच सुरुवात केली तरी चालेल.

चार : हे पचलं तर मांगाचा ‘१.५’ खंड, ज्यात मेजर गेल्यानंतरच्या सेक्शन ९च्या केसेस आहेत. ‘इनोसन्स’ हा २००४चा चित्रपटही याच टप्प्यावर. मांगाचा दुसरा खंड सगळ्यात शेवटी ठेवा, तो भल्याभल्यांना जड जातो.

‘अराइज’ (२०१३) आणि नेटफ्लिक्सवर २०२०मध्ये आलेली ‘एसएसी २०४५’ ही नंतरची चवीपुरती. २०१७चा हॉलिवूडपट राहिला तरी बिघडत नाही. स्कार्लेट जोहान्सनला जपानी नायिका केल्याबद्दल त्यावर तेव्हाच टीका झाली होती. ‘सायन्स सारू’ या स्टुडिओने २०२६साठी नवी मालिका जाहीर केली आहे, म्हणजे चर्चा पुन्हा तापणार. त्याआधी एक आणि दोन एवढं झालं तरी पुष्कळ.

कचरागाडीवाला आणि व्हिडिओ कॉल

आता ‘काहून’चं उत्तर. मूळ मांगात आणि पहिल्या चित्रपटातही एक कचरागाडीवाला आहे. बायको घटस्फोट मागतेय, मुलगी भेटत नाही, म्हणून हा बिचारा हैराण. बायकोच्या मनात काय आहे ते कळेल, असं सांगून कुणीतरी त्याला एक प्रोग्रॅम देतं. प्रत्यक्षात त्यातून भलत्याच माणसाचा मेंदू हॅक होत असतो. पकडल्यावर पोलिस त्याला सांगतात : तुला बायको नाही, मुलगीही नाही. तू एकटा राहतोस. ती सगळी आठवण कुणीतरी तुझ्या डोक्यात भरली आहे.

पहिल्यांदा वाचताना हे अशक्य वाटतं. मग ‘डिजिटल अरेस्ट’ आठवा. पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये यावर बोलावं लागलं, इतका हा प्रकार पसरला होता. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे खोटं पोलिस ठाणं, समोर खोटं वॉरंट. शिकलेसवरलेले लोक घरात बसून स्वतःला कैदी समजतात आणि आयुष्याची कमाई पाठवून देतात. आपल्या कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ असा प्रकारच नाही. तरीही त्या तासांपुरतं ते त्या माणसाचं खरं जग असतं.

शिरोचा अंदाज एका जागी चुकला आणि तीच जागा महत्त्वाची आहे. त्याला वाटलं, माणसाला फसवायला मेंदूत तार घालावी लागेल. तशी लागली नाही. एक फोन आणि वर्दीची भीती पुरली. म्हणून फक्त ‘टेक्निकल’ शहाणपण इथे कामाचं नाही. पासवर्ड कितीही मजबूत असो, वर्दी दिसली की घाम फुटणारा माणूस उघडाच असतो. तुमच्या घरी असं कुणी असेल तर ‘असा कॉल आला की कापायचा, आम्हाला सांगायचं’ हे आजच बोलून ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३०.

अंगठा जुळत नाही

दुसरा प्रश्न ओळखीचा. मेजरला सतत एक शंका छळते : माझ्याकडे माझं म्हणून काय आहे? शरीर सरकारचं, आठवणी बदलता येण्याजोग्या. मग मी म्हणजे नोंद?

धामणगाव, चांदूर, तिवसा भागातल्या शेतकऱ्याला हा प्रश्न तत्त्वज्ञानाच्या तासाला पडत नाही, रांगेत पडतो. १५ एप्रिल २०२५पासून राज्यात शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याच वर्षी हमीभावाने सीसीआयला कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आली. सप्टेंबरमध्ये लाडकी बहीण योजनेला ई-केवायसी आली. यातल्या प्रत्येकामागे कारण आहे. खोटे लाभार्थी वगळायचे, मधला दलाल काढायचा. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण वेचणी-निंदणी करून झिजलेला अंगठा मशीनवर उमटत नाही, ओटीपी बंद पडलेल्या नंबरवर जातो, तेव्हा माणूस समोर उभा असूनही ‘नाही’ ठरतो. ‘मी आहे ना बाप्पा इथं!’ हे वाक्य मशीनला ऐकू येत नाही.

हे फॉर्म घरोघरी भरतं कोण? तुम्हीच. आईचा, मावशीचा, शेजारच्या काकांचा आधार तुमच्या मोबाईलवर असतो. म्हणजे या गोष्टीतले तुम्ही नुसते वाचक नाही. गावातला ‘घोस्ट’ आणि सरकारी ‘शेल’ जोडणारी तार तुम्ही आहात. ते स्क्रीनशॉट काम झाल्यावर पुसता का, एवढा साधा प्रश्न स्वतःला विचारा.

आपलं ‘सेक्शन ९’

तिसरा मुद्दा पोलिसांचा. आपल्याकडे २०२४मध्ये नागपुरात ‘मार्व्हल’ ही राज्य पोलिसांसाठीची एआय कंपनी उभी राहिली. तिच्यासोबत मायक्रोसॉफ्टचं तंत्रज्ञान घेऊन ‘महाक्राइमओएस’ ही तपासाला मदत करणारी प्रणाली नागपूरच्या २३ पोलिस ठाण्यांत वापरून पाहिली गेली आणि डिसेंबर २०२५मध्ये ती राज्यातल्या सगळ्या ११०० ठाण्यांपर्यंत नेण्याची घोषणा झाली. सायबर गुन्ह्यांचा ढीग आणि हाताशी माणसं कमी, ही अडचण खरी आहे. तालुक्याच्या ठाण्यात तपास वेगाने झाला तर फसलेल्या माणसालाच फायदा.

पण मांगा वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. सेक्शन ९ नायक आहे, तरी शिरो त्याला धुतल्या तांदळासारखं दाखवत नाही. ते चोरून ऐकतात, नियम वाकवतात, आणि त्यांच्यावर लक्ष कोण ठेवतं याचं उत्तर धड मिळत नाही. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ला खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडलं. त्या कायद्यात सरकारी यंत्रणांना सुरक्षेच्या कारणासाठी सूट देण्याची सोय आहे. साधन वाढतंय त्या वेगाने जाब विचारायची सोय वाढतेय का, हा प्रश्न पोलिसांच्या विरोधातला नाही. तो नागरिकाचा आहे.

जपानचीच गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. डॉ. जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’मध्ये स्वतःसारखी यंत्रं घडवू पाहणाऱ्या यंत्राची गोष्ट मराठीत लिहूनच ठेवली आहे. ‘घोस्ट इन द शेल’मधला खलनायकही शेवटी असंच काही मागतो. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. कॉलेजच्या लायब्ररीत मांगा मिळणार नाही कदाचित, नारळीकर मिळतील.

शेवटचं एक. पुस्तक परवडत नाही म्हणून फुकटच्या साइटवर जाल, तिथे ‘ॲप डाउनलोड करा’ म्हणून एपीके फाइल पुढे येईल. ती दाबू नका. सायबर हल्ल्याची गोष्ट वाचायला निघालात आणि आईच्या जनधन खात्यातले पैसे गेले, असं व्हायला नको.