वजन आईचं, हिशेब वारेचा

बाळ रडलं की प्रसूतिगृहातल्या सगळ्यांचं लक्ष बाळाकडे जातं. बाहेर थांबलेली आजी विचारते, वजन किती भरलं? थोड्या वेळाने वार पडते. ती पूर्ण आली ना, एखादा तुकडा आत राहिला नाही ना, एवढं आम्ही पाहतो आणि ती पिवळ्या पिशवीत जाते. पूर्वी आमच्या दाभोळच्या वाड्यांत ती परसात नीट पुरत असत. नऊ महिने राबलेल्या या अवयवाची तेवढी तरी दखल घेतली जायची.

गेल्या पावसाळ्यात सव्वीस वर्षांची एक मुलगी मुंबईहून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा महिना होता. ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासलेली साखर 168 आली. 140 किंवा त्याहून जास्त आली की आम्ही तो गरोदरपणातला मधुमेह धरतो. सोबतच्या आईने डिंकाच्या लाडवांचा डबा आणला होता. मुलीने दबक्या आवाजात विचारलं, ‘‘डॉक्टर, मी जाडी आहे म्हणून बाळाची जनुकं बिघडली असतील का? मोबाइलवर वाचलं मी.’’

हा प्रश्न आता वरचेवर येतो, म्हणून त्याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

वार साधारण अर्धा किलोची असते. बाळाचं फुप्फुस, मूत्रपिंड, आतडं आणि संप्रेरकांची ग्रंथी, या सगळ्यांची कामं ती एकटी करते. आईचं आणि बाळाचं रक्त तिच्यात एकमेकांत मिसळत नाही. साखर, मेद, प्रथिनांचे घटक पलीकडे किती जाऊ द्यायचे, हे वारेच्या पेशी ठरवतात. त्यांना हे जमतं ते जनुकांच्या नियमनामुळे. शरीरातल्या बहुतेक पेशींत जनुकं तीच असतात, पण कुठलं चालू ठेवायचं आणि कुठलं बंद, हे पेशीगणिक वेगळं असतं. घरातलं वायरिंग एकच, बटणं मात्र खोलीखोलीची वेगळी, असं समजा. हे बटण दाबण्याचा एक मार्ग म्हणजे डीएनएवर मिथाइल नावाची छोटी रासायनिक खूण लागणं.

आई स्थूल असेल तर तिच्या रक्तात साखर, मेद, इन्सुलिन आणि दाह निर्माण करणारे घटक जास्त असतात. वार त्या पुरवठ्याशी जुळवून घेते. स्थूल मातांच्या वारेच्या नमुन्यांत मेद वाहून नेणाऱ्या, दाहाशी संबंधित आणि लेप्टिनसारख्या भुकेशी निगडित संप्रेरकाच्या जनुकांचं काम वेगळं चाललेलं संशोधकांना दिसलं आहे. मुलाची वार आणि मुलीची वार यांचा प्रतिसादही सारखा नसतो. पण हा आढळलेला संबंध आहे. या खुणेमुळेच पुढे मुलाला मधुमेह झाला, असं त्यातून सिद्ध होत नाही. आणि मुख्य म्हणजे जनुकं ‘बिघडत’ नाहीत. अक्षरं तीच राहतात, वाचन बदलतं.

बदललेलं वाचन पुन्हा बदलू शकतं, ही यातली आशेची बाजू. कॅनडात वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेल्या मातांच्या मुलांचा अभ्यास झाला. त्याच आईला शस्त्रक्रियेनंतर झालेल्या मुलांत स्थूलता आधीच्या भावंडांपेक्षा कमी होती आणि जनुकांवरच्या मिथाइल खुणांतही फरक होता. याउलट, ब्रिटनमध्ये स्थूल गर्भवतींना गरोदरपणात आहार-व्यायामाचा सल्ला देऊन पाहिलेल्या मोठ्या चाचणीत गरोदरपणातला मधुमेह कमी झाला नाही. 2015 मध्ये ते निष्कर्ष आले. माझ्या मते दोन्हींचा अर्थ एकच निघतो. दिवस राहिल्यावर सुरुवात करायला उशीर झालेला असतो. वार तर पहिल्या काही आठवड्यांतच घडायला लागते.

आपल्याकडचं चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा अभ्यास केला. आया बारीक, बाळं सरासरी 2.7 किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं 3.5 किलोंची. तरीही आपल्या बाळांत स्नायू कमी आणि वजनाच्या मानाने चरबी जास्त होती. याच अभ्यासात बहुसंख्य मातांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी आढळलं. ज्यांचं फोलेट जास्त पण बी-12 कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक होती. डीएनएवरची मिथाइल खूण तयार व्हायला फोलेट आणि बी-12 दोन्ही लागतात, हे लक्षात घेतलं की या निष्कर्षाचं महत्त्व कळतं. म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी कुणी बंद करू नये. तिच्या जोडीला बी-12 कडे पाहावं.

देशात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 24 टक्के स्त्रिया जास्त वजनाच्या आहेत आणि जवळपास 19 टक्के कमी वजनाच्या. म्हणजे एकाच ओपीडीत दोन्ही टोकं येतात, आणि दोघींनाही घरून एकच सल्ला मिळतो, ‘दोन जिवांची आहेस, दोघांचं खा’. प्रत्यक्षात दिवसाला सुमारे साडेतीनशे कॅलरी जास्त लागतात. एक भाकरी, वाटीभर आमटी, एक अंडं, झालं. आपल्या खाडीतली मासळी बी-12 चा उत्तम स्रोत आहे. पण चार-चार उपवासांच्या वारांना साबुदाणा आणि बाकी दिवशी ताटभर भातावर दोन तुकडे, असा हिशेब असेल तर पोट भरतं, पोषण होत नाही. मासळी न खाणाऱ्यांनी दूध-दही नियमित घ्यावं आणि डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी.

दोष घरच्यांचाच नाही. त्या मुलीच्या कार्डावर वजन पाच वेळा लिहिलं होतं, उंची एकदाही नाही. उंचीशिवाय ते वजन जास्त की कमी हे कळणार कसं? मी मोजली, 150 सेंटिमीटर. तिसऱ्या महिन्यातल्या 66 किलोंवरून बीएमआय 29 च्या वर निघाला. आपल्याकडे 25 च्या पुढे स्थूलता धरतात. ही कार्डं आमच्यासारखीच माणसं भरतात. पहिल्याच भेटीत उंची आणि साखर तपासायला खर्च जवळपास नाही, हवी ती सवय. त्याहून आधी, शाळा-कॉलेजातल्या मुलींची आणि नव्या सुनांची उंची, वजन, हिमोग्लोबिन पाहायला हवं. लग्नात दागिन्यांची यादी होते, तपासण्यांची होत नाही.

आणखी एक सांगायचंय. जनुकांचं हे विज्ञान आईला बोल लावण्यासाठी वापरू नका. तिचं वजन तिने एकटीने वाढवलेलं नसतं. उरलेलं अन्न वाया नको म्हणून तीच संपवते, चालायला जायची सवड तिलाच नसते, आणि ती स्वतः कुणाच्या तरी गर्भात कुपोषणात वाढलेली असू शकते.

त्या मुलीला मी एवढंच म्हटलं, ‘‘काही बिघडलेलं नाही. आपण साखर सांभाळू.’’ तिने जेवणानंतर चालायला सुरुवात केली, लाडवांचा डबा घरातल्या बाकीच्यांनी संपवला. बाळ 3.1 किलोंचं झालं. आता तिला दुसऱ्या बाळाच्या आधी येऊन भेटायला सांगितलंय. दिवस गेल्यावर नाही, आधी.