जुन्या गाडीचा ब्रेक आणि घरच्यांचा जीव



उन्हाच्या सुट्या लागल्या की अमरावती-अकोल्याकडची कुटुंबे चिखलदऱ्याची वाट धरतात. इकडे अकोल्यात मे महिना अंगाची लाही करतो, तर चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर. कुणाच्या दारात आजोबांच्या वेळची अॅम्बेसडर, पद्मिनी किंवा जीप अजून उभी असते. परतवाड्याहून घाट चढताना परीक्षा इंजिनाची होते, उतरताना मात्र ब्रेकची. आणि ब्रेकचे मूळ म्हणजे मास्टर सिलिंडर.

सायकलचा पंप सर्वांनी मारलेला आहे. आतला वायसर झिजला की कितीही जोर लावा, हवा मागेच येते. मास्टर सिलिंडरचे तसेच आहे. पायाचा दाब आतला रबरी वायसर ब्रेक ऑइलवर देतो आणि ऑइल तो चारही चाकांपर्यंत पोचवते. जुन्या गाड्यांत बहुधा चारही चाकांना ऑइलचा एकच मार्ग असतो. एका जागी गळती झाली की चारही ब्रेक गेले! म्हणून येथे चालढकल नको.

दोष ओळखायचा कसा? गाडी उभी ठेवून पायडल मिनिटभर दाबून धरावे. ते हळूहळू खाली जाऊ लागले आणि बाहेर कुठेच ऑइल दिसत नसेल, तर आतला वायसर गेला असे समजावे. पायडल स्पंजासारखे दबत असेल, तर आत हवा शिरली आहे. जुन्या विलीज जीपमध्ये हा सिलिंडर पायाखालच्या पत्र्याखाली असतो, म्हणून ऑइल पाहायचेच राहून जाते.

नुसते किट बदलून स्वस्तात भागवण्याचा मोह होतो. परंतु सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे पडले असतील, तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत कापला जातो. अशा वेळी पूर्ण सिलिंडर बदलावा. बसवताना दांडा आणि पिस्टन यांच्यात थोडी सूट ठेवावी. ती नसेल तर ऑइल परत फिरत नाही, ब्रेक धरून राहतात आणि ड्रम तापतात.

त्यानंतर हवा काढायची. त्याला दोन माणसे लागतात. एकाने पायडल दाबायचे, दुसऱ्याने चाकामागचा निपल उघडायचा आणि पायडल सोडण्याआधी बंद करायचा. उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या गाडीत सर्वसाधारणपणे सर्वात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करतात. पायडलवर घरच्या भगिनींनी बसावे, आणि पुढच्या खेपेला पाना हाती घ्यावा. ही विद्या कुणा एकाच्या मालकीची नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेले १४० अंशांच्या आसपासच उकळू शकते. घाटात सतत ब्रेक दाबला की तेवढी उष्णता निर्माण होते, वाफ धरते आणि पायडल रिकामे जाते. म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलावे. त्यात इंजिन ऑइल कधीही टाकू नये, रबर फुगते. काढलेले ऑइल विषारी असते. खाण्याच्या तेलाच्या बाटलीत भरून घरात ठेवू नये, लहान मुले असतात.

उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करू नये. ज्या गिअरमध्ये चढलो, त्याच गिअरमध्ये उतरावे. ब्रेक गेलाच तर पायडल भराभर मारावे, खालचा गिअर टाकावा आणि हँडब्रेक हळूहळू ओढावा. तो बहुतेक जुन्या गाड्यांत ऑइलवर नव्हे, तारेवर चालतो.

कागदपत्रेही पाहावीत. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी केली असेल, तर ती रोजच्या वापराला चालत नाही. सहलीला साधी नोंदणी चालू असलेलीच गाडी न्यावी.

शेवटी एक विनंती. मिस्त्रीने दिवसभर गाडीखाली पडून काम केले, तर त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. आणि त्याच्या हाताखाली पाने देणारे पोर शाळेच्या वयाचे असेल, तर त्याच्या शाळेची चौकशी जरूर करा. दहावीनंतर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. हात तेच राहतील, पण त्या हातात प्रमाणपत्र येईल.