उपाशी मातीतली झाडं

कीटकभक्षी झाडं पाळायची म्हणजे आधी हात आवरायला शिकायचं. गुलाबाला शेणखत आणि कुंडीतल्या मिरचीला गांडूळखत घालण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना हे जड जातं. या झाडांना खत चालत नाही, बागेतली माती चालत नाही, बोअरवेलचं किंवा टँकरचं क्षारयुक्त पाणी तर मुळीच नाही. ही झाडं ज्या जमिनीत घडली तिथे नत्र जवळपास नसतंच. दलदल, खडकावरचा मातीचा पापुद्रा, पावसाने धुऊन काढलेला जांभा. मुळांना जे मिळत नाही ते पानांनी मिळवायचं, अशी त्यांची रीत. त्यामुळे आपण मायेने घातलेलं मूठभर खतच त्यांच्या मुळावर येतं.

चार्ल्स डार्विनला या नत्राच्या भुकेचा माग लागला होता. १८६० च्या उन्हाळ्यात ससेक्समधल्या माळावर त्याने दवबिंदूच्या (म्हणजे ड्रॉसेराच्या) पानांना चिकटलेले किडे पाहिले. मग मांसाचे कण, अंड्यातला पांढरा बलक, दूध, साखर, स्टार्च असं काय काय त्याने त्या पानांवर ठेवून पाहिलं. नत्र असलेल्या पदार्थांना पानांनी दाद दिली, साखरेला आणि स्टार्चला दिली नाही. त्याचं पुस्तक आलं १८७५ साली. इतकी वर्षं एवढ्याशा झाडापाशी बसण्याची ती चिकाटी मला फार मोठी वाटते.

कुंडीतला दवबिंदू एकदा भिंगातून बघाच. पानावर लाल तंतू उभे असतात आणि प्रत्येकाच्या टोकाशी चिकट थेंब. चिलट बसतं, पाय सोडवायला धडपडतं, तो शेजारच्या थेंबात पंख अडकतो. सकाळी बघावं तर आजूबाजूचे तंतू त्याच्यावर वाकलेले. काही दिवसांनी चिलटाचं नुसतं टरफल उरतं.

नवशिक्यांना मात्र हवा असतो व्हीनस फ्लायट्रॅप, आणि ते साहजिक आहे. त्याच्या सापळ्याच्या आत बारीक केस असतात. साधारण वीस सेकंदांत केसांना दोनदा धक्का लागला तरच सापळा मिटतो, पावसाच्या एखाद्या थेंबाने नाही. मुलं पेन्सिलीने तो पुन्हापुन्हा मिटवून बघतात. तसं करू देऊ नये. प्रत्येक सापळा मोजक्याच वेळा मिटू शकतो आणि दर वेळी झाडाची शक्ती खर्ची पडते. शिवाय हे झाड अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण कॅरोलायनाच्या किनारी पट्ट्यातलं. त्याला तीनचार महिने खऱ्या थंडीची विश्रांती लागते. मुंबई-ठाण्यात ती कुठून आणणार? म्हणून किनाऱ्याकडच्या माणसाला माझा सल्ला असतो, घटपर्णी लावा. तिच्या उष्ण प्रदेशातल्या संकरित जातींना आपली दमट हवा मानवते. पानाच्या टोकाचा तणावा लांबतो, त्याचं टोक फुगतं, घट तयार होतो. झाकण उघडण्याआधीच आत पाचक रस साठलेला असतो. कडा ओल्या असल्या की इतक्या निसरड्या होतात की मुंगीचा पाय टिकत नाही. आणि झाकण मिटून किडा पकडला जातो हा समज काढून टाका, ते हलत नाही.

बाकी कृती थोडक्यात सांगते. दवबिंदू आणि फ्लायट्रॅपला पीट मॉस आणि पर्लाइट निम्मं निम्मं, प्लास्टिकची कुंडी, खाली पाण्याची थाळी आणि चांगलं ऊन. घटपर्णीला मोकळं, निचऱ्याचं मिश्रण, थाळीत पाणी साचू द्यायचं नाही, सकाळचं कोवळं ऊन पुरतं. कोकोपीट वापरलंच तर अनेकदा धुऊन. पाणी पावसाचं किंवा आरओचं, टीडीएस पन्नासच्या आत. पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवून ठेवलं तर फारच उत्तम. निळ्या-जांभळ्या फ्लायट्रॅपची बियाणं विकतात ती घेऊ नका, तसलं झाड अस्तित्वातच नाही.

आता मनातलं सांगते. ही झाडं काही परदेशीच नाहीत. मेघालयात आपली स्वतःची घटपर्णी आहे, आणि ती धोक्यात आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर (म्हणजे जांभ्याच्या पठारांवर) पावसाळ्यात दवबिंदू उगवतो. २०१२ पासून जागतिक वारसा असलेल्या कासच्या पठारावर सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात. लोक फुलांचे फोटो काढतात, पण त्या फुलाखालच्या ओल्या मातीत सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या पाण्यातले जीव क्षणार्धात आत ओढतात, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सड्यावर आधीच चिरेखाणी आणि बागा सरकत आहेत. त्यात छंदापायी आपण रोपं उपटली तर ती घरी जगतही नाहीत, कारण तो जांभा आणि तो पाऊस कुंडीत येत नाही. तेव्हा सड्यावर भिंग न्या, खुरपं नेऊ नका. रोप घ्यायचं तर रोपवाटिकेत वाढवलेलंच घ्या. विकणाऱ्याला ते कुठून आलं असं विचारा, आणि नीट उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका.