तोफा थंडावण्यापूर्वीच

१९१७ चा मार्च महिना. पश्चिम आघाडीवर रक्ताचे पाट वाहत होते, जर्मन पाणबुड्या ब्रिटिश जहाजांना जलसमाधी देत होत्या, विजय दृष्टिपथातही नव्हता. नेमक्या त्या महिन्यात ब्रिटनच्या युद्धमंत्रिमंडळाने युद्धसंग्रहालयास संमती दिली! त्याचे अभिरक्षकपद आले चार्ल्स फोक्स यांच्याकडे. १९१२ मध्ये चिलखतकारांच्या कलेवर ग्रंथ लिहिणारे हे शस्त्रेतिहासकार १९१३ पासून टॉवर ऑफ लंडनच्या शस्त्रागाराचे अभिरक्षक होते. मध्ययुगीन चिलखतांत रमलेल्या या विद्वानाने चालू युद्धाच्या खुणा जतन करण्याचे कार्य शिरावर घेतले आणि १९३३ पर्यंत निभावले. १९२० मध्ये क्रिस्टल पॅलेस येथे संग्रहालय जनतेस खुले झाले.

त्याच्या नावातील ‘नॅशनल’ जाऊन ‘इम्पीरियल’ आले, ते भारत व वसाहतींच्या समितीच्या सूचनेवरून. दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक समुद्रापार गेले होते. त्यांच्या पराक्रमाच्या वाट्याला विशेषण आले ते साम्राज्याचे! पण दोष परकीयांना किती काळ द्यावयाचा?

स्वतंत्र भारतात १९६२ च्या पराभवाचा हेंडरसन ब्रुक्स–भगत अहवाल १९६३ मध्ये सादर झाला आणि थेट कुलुपात गेला. संरक्षण मंत्रालयाच्याच इतिहास विभागाने त्या युद्धाचा इतिहास १९९२ मध्ये सिद्ध केला. त्याच्याही नशिबी दप्तरातील धूळच आली. राष्ट्रीय युद्धस्मारकास २०१९ उजाडावे लागले. युद्धेतिहास ठरावीक मुदतीत संकलित करण्याचे धोरण आले २०२१ मध्ये. तोवर १९६२ मधील विशीचा जवान ऐंशीच्या उंबरठ्यावर पोहोचला होता.