रोपांना पैसा आहे, रोपं ओळखणाऱ्याला नोकरी कुठाय?

'बॉटनी घेऊन काय करणार?' बारावी सायन्सनंतर खानापुरातल्या काय आणि वाळपईतल्या काय, घरोघरी हाच प्रश्न. उत्तर शोधायचं तर आधी पैसा कुठं आहे ते बघू.

प्रकल्पासाठी वनजमीन घेतली की बदल्यात झाडं लावायचे पैसे भरावे लागतात. या निधीचा कायदा २०१६ चा. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने त्यापोटी राज्यांना ४७ हजार ४३६ कोटी रुपये दिले. शिवाय २०३० पर्यंत २ कोटी ६० लाख हेक्टर निकस जमीन सुधारू, असा शब्द भारताने दिलाय. म्हणजे काम आहे, पैसाही आहे.

अडतं ते हिशेबात. (मी कॉमर्सवाला, मला हिशेबच दिसणार.) जंगल गेलं ते खर्ची, रोपं लावली ती जमा. जगली किती, ही शिल्लक काढायची कुणी? फेब्रुवारी २०२४ च्या ग्रीन क्रेडिट पद्धतीत हेक्टरी किमान ११०० झाडं आणि झाडामागे एक क्रेडिट, असा सरळ गुणाकार होता. टीका झाली. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, पाच वर्षं टिकलेली झाडं मोजायचं ठरलं. बरं झालं. पण झाड कुठलं आणि लावायचं कुठं, हे संख्येत येत नाही.

गोव्यातल्या खाणींच्या डंपवर ऑस्ट्रेलियन आकेशिया लावला. माती धरली, हिरवं दिसलं. पण किंदळ, नाणा, ऐन असलेलं जंगल ते नव्हे. कातळसड्यावर तर झाड लावणं हेच नुकसान, कारण तिथलं गवत आणि पावसाळी फुलं उघड्या उन्हावर जगतात. इथं लावू नका, असं सांगणारा माणूस लागतो. तोच वनस्पतींचा परिसंस्था-अभ्यासक. रानमोडी, घाणेरी काढायची, शिल्लक रानातून बी वेळेत गोळा करायचं (सदाहरित झाडांचं पुष्कळ बी साठवून टिकत नाही, लगेच रुजवावं लागतं) आणि मग वर्षानुवर्षं नोंदी ठेवायच्या. तमिळनाडूत वालपराईच्या चहा-कॉफी मळ्यांमधले रानाचे तुकडे एनसीएफ संस्था वीसेक वर्षं असेच सावरतेय.

शिक्षण लांब नाही. कोल्हापूर, धारवाड आणि गोवा विद्यापीठात बॉटनी आहे, शिरसीला फॉरेस्ट्री कॉलेज. पुढे देहरादूनची वन्यजीव संस्था, बेंगळुरूची एट्री. खरी गोची नोकरीत. संस्थांमधली कामं बहुतेक प्रोजेक्टवर, प्रोजेक्ट संपला की पगार संपला. राज्याच्या नोकरीत कर्नाटकात कन्नडची अट, गोव्यात कोकणीची. सीमाभागातल्या मराठी शाळेतून आलेल्या मुलांनी ही तयारी पदवीच्या पहिल्या वर्षापासूनच धरावी. यूपीएससीच्या भारतीय वनसेवेत प्रादेशिक भाषेचा पेपर नाही, बॉटनी नि फॉरेस्ट्री विषय चालतात. मात्र जागा देशभरात मिळून वर्षाला दीडशेच्या आसपास.